कोर्टामागच्या गल्लीतलं टायपिंगचं दुकान : चार चांदण्या

दुकानाला पाटी आहे, पण पाटीवर दुकानाचं नाव नाही. ‘मराठी-इंग्रजी टायपिंग, झेरॉक्स, नक्कल अर्ज, प्रतिज्ञापत्र, पासपोर्ट, पोलीस व्हेरिफिकेशन’ एवढं निळ्या रंगात आणि खाली लाल रंगात ‘उधारी मागून लाजवू नये’. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टामागे, वकिलांच्या गाड्या लागतात त्या गल्लीत, रसवंतीला लागून. तालुका कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. एक तर मालकांनी बजावलंय, ‘माझं नाव कुठं टाकू नका सिस्टर, गर्दी झाली की चुका होत्यात.’ आणि दुसरं म्हणजे ज्या पोलीस ठाण्यात माझा कागद अडकला होता ते त्याच तालुक्यातलं आहे. कुठल्याही कोर्टामागे असं एखादं दुकान असतंच, त्यामुळे पत्त्यावाचून कुणाचं अडणार नाही. मी लिहितेय कारण माझं जे काम दोन महिने कुणाकडून हललं नव्हतं ते इथं हललं. पूर्ण झालेलं नाही, तेही सांगते.

काम होतं जुन्या अटकेचं. केस संपून दहा वर्षं झाली, पण अटक काही संपेना.

मी नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केल्यापासून मिरजेत ड्यूटी, त्यातली सात वर्षं आयसीयूत. २०२४ च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात निवड झाली. एक जानेवारीला हजर व्हायचं, राहायला क्वार्टर, पगार जवळजवळ दीडपट. पत्रात खाली बारीक अक्षरात होतं, ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या अधीन राहून’. त्या ओळीकडे मी बघितलंसुद्धा नाही. तीन आठवड्यांनी एचआरमधल्या मुलीचा फोन आला. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, “मॅम, तुमचा रिपोर्ट रेड आलाय.”

हे रिपोर्ट रुग्णालय स्वतः करत नाही, एका खाजगी कंपनीला देतं. डिग्री, जुनी नोकरी, पत्ता, सगळं हिरवं. ‘क्रिमिनल रेकॉर्ड’च्या रकान्यात लाल. त्या कंपनीनं काही फार मोठा शोध लावला नव्हता. कोर्टाच्या सरकारी संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की प्रकरणं दिसतात. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव तसं कमी आढळणारं. सापडलं. तिथं ‘निकाली’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तरीही लाल. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, आम्ही नोंद सापडली की नाही एवढंच सांगतो, पुढचं तुमच्या एचआरनं ठरवायचं. एचआर म्हणालं, मग पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणा. ते काढायला टाकलं, तर त्यात आलं :

‘सदर इसमाविरुद्ध गु.र.नं. .../२०११, भा.दं.वि. कलम ४९८अ, ३२३, ५०४, ५०६, ३४ प्रमाणे गुन्हा दाखल असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’

सदर इसम म्हणजे मी. गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आणि ४९८अ म्हणजे नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेला सुनेचा छळ. कोर्ट म्हणतं संपलं, पोलीस ठाणं म्हणतं चालू आहे.

थोडं मागचं सांगते. २०११ च्या फेब्रुवारीत वहिनीनं तक्रार दिली. आरोपी नंबर एक दादा, दोन बाबा, तीन आई, चार मी. मी तेव्हा तेवीस वर्षांची, हॉस्टेलवर राहायचे, घरी जाणं सणावारापुरतं. वहिनीचं दुःख खोटं होतं असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आजही म्हणणार नाही. दादा तिच्याशी कसा वागायचा ते मला माहीत आहे. पण कागदावर ‘नणंद’ हा शब्द आला की पुढची वाक्यं साच्यातून येतात, तशी ती आली. सकाळची ड्यूटी संपवून मी वॉर्डातून बाहेर पडले आणि जिन्यात एक महिला पोलीस उभी. त्या काळी ४९८अ म्हटलं की आधी अटक आणि मग चौकशी, हीच रीत होती. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात कारण असल्याशिवाय सरसकट अटक करू नका, असं सुप्रीम कोर्टानं बजावलं ते २०१४ च्या जुलैत. माझ्यासाठी तीन वर्षं उशिरा.

संध्याकाळपर्यंत जामीन झाला. कोठडीत रात्र काढावी लागली नाही, हे आई अजून देवाची कृपा म्हणून सांगते. पण दहाही बोटांचे ठसे घेतले, हातात नंबराची पाटी देऊन फोटो काढला. ती शाई दोन दिवस नखांच्या कडेला राहिली. दुसऱ्या दिवशी एका लहान मुलाला सलाइन लावताना त्याची आई माझ्या हाताकडे बघत होती. ‘मशीनचं ऑइल आहे’, म्हणाले.

पुढची तीन वर्षं तारखा. २०१४ मध्ये दादा-वहिनीचा संमतीनं घटस्फोट ठरला. ४९८अ आपसात मिटवता येत नाही, त्यासाठी हायकोर्टात जाऊन गुन्हाच रद्द करून घ्यावा लागतो, म्हणून चार आरोपी आणि एक फिर्यादी अशी पाचही माणसं एकाच महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. हो, वहिनीही. एकाच डब्यात. तिनं आईला डब्यातली चपाती दिली. आता २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, आमच्या जिल्ह्याला मुंबई गाठायला नको. तेव्हा नव्हतं. डिसेंबर २०१४ मध्ये ऑर्डर झाली : गुन्हा आणि त्यावरून चालू असलेला खटला रद्द. तीन पानं. वकिलांनी झेरॉक्स दिली, ती आईनं देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली. मला वाटलं, झालं.

आता दुकानाकडे येण्याआधी आणखी एका सेवेबद्दल चार ओळी, कारण तिथं माझे पैसे बुडालेत आणि तुमचे बुडू नयेत. इंटरनेटवर ‘पोलीस रेकॉर्ड क्लीन करून मिळेल, १०० टक्के गॅरंटी’ अशा जाहिराती दिसतात. अशाच एकांना मी साडेसात हजार आगाऊ दिले. एकूण पंचवीस सांगितले होते. महिन्याभरात त्यांनी मला एक ‘लीगल नोटीस’ ईमेल केली. माझ्या नावानं, माझ्या केसची, आणि वर प्रति म्हणून ‘उत्तर प्रदेश पोलीस’. मी फोन केला तर म्हणाले, टेम्प्लेटमध्ये राहून गेलं. त्यानंतर फोन लागला नाही. शून्य चांदण्या द्यायची सोय असती तर दिल्या असत्या.

तर दुकान. मालक कोर्टातूनच निवृत्त झालेले. एकतीस वर्षं नोकरी, शेवटी शिरस्तेदार. सगळे त्यांना मामा म्हणतात, न्यायाधीशांचा पट्टेवालासुद्धा. मी आत गेले तेव्हा ते एका म्हाताऱ्याच्या सातबाऱ्यावरचं नाव भिंगातून वाचत होते. एक मुलगी टायपिंगला बसते, तिचा वेग बघण्यासारखा आहे. मी घरून अर्ज लिहूनच नेला होता, दीड पान, बराचसा रडका. मामांनी तो सगळा वाचला, मग पेन काढलं आणि एका वाक्यावर आडवी रेघ मारली. वाक्य होतं : ‘तरी माझे नाव पोलीस रेकॉर्डमधून कायमचे काढून टाकावे ही विनंती.’

“का ओ मामा?”

“काढून टाकत न्हाईत, सिस्टर. गुन्ह्याचं रजिस्टर हाय ते. त्यातली ओळ खोडली तर उद्या खोडणाऱ्याचीच चौकशी लागंल. आपण काढा म्हणायचं न्हाई. नोंद घाला म्हणायचं.”

हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. मी दोन महिने ‘काढा, काढा’ करत फिरत होते आणि समोरचा माणूस ‘तसं करता येत नाही’ म्हणत होता. दोघांचंही बरोबर होतं. न्यू जर्सीत माझी मावसबहीण असते, तिनं सांगितलं होतं की तिकडे शिक्षा झाली नसेल तर अटकेची नोंद मिटवून बंद करून द्या असा अर्ज कोर्टात करता येतो, त्याचा कायदाच आहे. आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी असा सरसकट कायदा नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी आहे : २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, अगदी गंभीर गुन्ह्यांचे काही अपवाद सोडले तर नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायला सांगितलंय. मी तेवीसची होते. त्यामुळे माझ्या हातात एवढंच उरतं की सुरुवातीची नोंद जिथं जिथं गेली, तिथं तिथं शेवटाचीही पोचवायची. ती पोस्टमनगिरी कुणाची? मामांच्या मते कागदावर पोलिसांची, प्रत्यक्षात आपली. “हायकोर्टाचा हुकूम खालच्या कोर्टाला येतो. कोर्ट केस बंद करतंय. त्या तारखेला पैरवीवाला (कोर्टातली कामं बघणारा) पोलीस हजर असला तर बरं, न्हाईतर तो कागद कोर्टातनं ठाण्यात जाणार कुणाच्या पायानं?”

पहिला अडथळा झेरॉक्सचा. देव्हाऱ्याखालची ऑर्डर ठाण्यात चालेना, सही-शिक्क्याची नक्कल पाहिजे. माझ्या डोळ्यांसमोर परत मुंबई आली. मामा म्हणाले, कशाला? हायकोर्टाचा कागद आला म्हणूनच इथल्या कोर्टानं केस निकाली काढली, म्हणजे तो इथल्या दप्तरात असणारच. मोबाइलवर माझं प्रकरण उघडलं, त्यावरून सोळा अक्षरी सीएनआर नंबर उतरवून घेतला आणि दोन नकलांचा अर्ज करून दिला : एक हायकोर्टाच्या आदेशाची, दुसरी रोजनाम्याच्या शेवटच्या पानाची. रोजनामा म्हणजे कोणत्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची रोजची नोंद. नवव्या दिवशी दोन्ही मिळाल्या. शेवटच्या पानावरची शेवटची ओळ होती, ‘प्रकरण निकाली. आरोपींचे जामीनपत्र रद्द.’ तारीख १९ जानेवारी २०१५. त्या ओळीखाली उरलेलं पान कोरं. तेवढं कोरं पान बघून मला उगाच बरं वाटलं.

मग ठाण्याचा अर्ज. हा मजकूर मामांनी तोंडी सांगितला, मुलीनं टाइप केला. ‘विषय : गु.र.नं. .../२०११ मधील न्यायालयीन निकालाची नोंद गुन्हा रजिस्टरी व सीसीटीएनएस प्रणालीत घेणेबाबत.’ पाच ओळी, दोन जोडपत्रं. माझ्या दीड पानातलं एकही विशेषण त्यात राहिलं नाही. सीसीटीएनएस म्हणजे देशभरातल्या ठाण्यांना जोडणारी संगणकाची व्यवस्था. रजिस्टरात दुरुस्ती झाली तरी ती संगणकात आपोआप होत नाही, म्हणून दोन्हींची नावं लिहायची. तीन प्रती : एक ठाण्याला, एक पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला, एक पोच घ्यायला. “शिक्का, सही, तारीख. तिन्ही पडल्याबिगर बाकडं सोडायचं न्हाई. घेतच न्हाई म्हणाले तर भांडायचं न्हाई, पोस्टानं पाठवायचं, पावती जपायची.”

ठाण्यात मी पावणेदोन तास बसले. साहेब बंदोबस्ताला, मोहरर (ठाण्याची लिखापढी करणारा) जेवायला, असं करत करत शेवटी एका हवालदारांनी जुनं रजिस्टर शोधून काढलं. कापडी पाठीचं, कडा कुरतडलेल्या. पान उलगडलं आणि मी माझी ओळ बघितली. वरच्या आणि खालच्या ओळींच्या शेवटी लाल शाईत काही ना काही लिहिलेलं होतं : दंड, निर्दोष, समरी (म्हणजे पोलिसांनीच तपास बंद केलेला). माझ्या ओळीचा शेवटचा रकाना रिकामा. कुणी काही वाईट लिहिलेलं नव्हतं, कुणी काही लिहिलंच नव्हतं. हवालदारांनी नक्कल वाचली, लाल पेन मागून घेतलं आणि हायकोर्टाचा अर्ज क्रमांक आणि तारीख त्या रकान्यात बसवली. दोन मिनिटं लागली. “आधी आला असता तर आधीच केलं असतं की ताई,” म्हणाले. खोटं बोलत नव्हते ते, म्हणूनच जास्त राग आला.

संगणकातली दुरुस्ती मात्र लटकली. ‘ते वरून होतं’ असं उत्तर. महिनाभर वाट बघून मामांनी माहिती अधिकाराचा अर्ज करून दिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून : माझ्या अर्जावर काय कारवाई झाली, कुणाकडे आहे, आजची नोंद काय आहे. तीस दिवसांची मुदत असते, चोविसाव्या दिवशी पत्र आलं की नोंद अद्ययावत केली आहे. त्यावर नवीन चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज. आता त्यात लिहून येतं की सदर इसमाविरुद्ध गुन्हा दाखल होता, तो मा. उच्च न्यायालयानं रद्द केला आहे, सध्या काहीही प्रलंबित नाही. म्हणजे ‘आहे’चा ‘होता’ झाला. अटक कागदावर आहेच, फक्त भूतकाळात गेली.

या सगळ्यात माझीही एक चूक होती. ती मामांनी पहिल्याच दिवशी पकडली. एचआरचा फॉर्म मी त्यांना दाखवला, तर म्हणाले, विचारलंय काय ते आधी बघा. ‘शिक्षा झाली आहे का?’ एक प्रश्न. ‘खटला प्रलंबित आहे का?’ दुसरा. ‘कधी अटक झाली होती का?’ तिसरा. मी पहिल्या दोन्हींना ‘नाही’ लिहिलं होतं आणि तिसरा रकाना सोडून दिला होता. मनात म्हटलं होतं, रद्द झालंय म्हणजे झालंच नाही. “रद्द गुन्हा झाला,” मामा म्हणाले. “अटक झाली ती झालीच की. तिथं हो लिहायचं आणि निकाल जोडायचा.” मग त्यांनी एचआरसाठी एक साधं पत्र करून दिलं. तारीखवार सहा ओळी, माफी नाही, रडणं नाही.

त्या दिवशी तिथं पोलीस भरतीचा फॉर्म घेऊन एक पोरगाही आला होता. गणपतीच्या मिरवणुकीतल्या मारामारीत पकडलेला, नंतर निर्दोष सुटलेला. त्याला सगळीकडे ‘नाही’ लिहायचं होतं. मित्रांनी सांगितलं होतं, सुटलास ना, मग लिहू नको. मामांनी त्याला २०१६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, सोप्या भाषेत : फॉर्मात विचारलेली माहिती लपवलीस तर त्या लपवण्यावरूनच नोकरी जाऊ शकते, मग मूळ केस कितीही किरकोळ असो. क्षुल्लक प्रकरण असेल तर नेमणारा अधिकारी सोडून देऊ शकतो, पण ती त्याची मर्जी. पोरगं म्हणालं, “मग खरं लिहिल्यावर घेतील ना?” मामा म्हणाले, “घेतीलच असं न्हाई. खरं लिहिणाऱ्याचाबी ते विचार करणार, अन् तसा त्यांना अधिकार हाय. पण खोटं लिहून आत गेलास तर वीस वर्षं पाठीमागं बघत नोकरी करशील.” पोरानं बराच वेळ पेन उघडंच धरून ठेवलं होतं. शेवटी त्यानं काय लिहिलं ते मला माहीत नाही, माझी बस होती.

पासपोर्टचं विचारणारेही तिथं रोज असतात, म्हणून त्यांच्यासाठी एक ओळ. पासपोर्टच्या कायद्यात अडवणूक होते ती मुख्यतः कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर, आणि तेव्हाही त्या कोर्टाची परवानगी आणून पासपोर्ट मिळू शकतो. संपलेला खटला हे कारण नाही. तो चालू दिसतो, हे दुखणं.

फोटो आणि ठशांचं राहिलं. हा विषय मी काढला, मामांनी नाही. मला तो पाटी धरलेला फोटो परत हवा होता. मामांनी कपाटातून जुनं पुस्तक काढलं. माझे ठसे घेतले तेव्हा कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा कायदा लागू होता, आणि त्याच्या सातव्या कलमात चक्क असं आहे की आधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, डिस्चार्ज झाला (दोषारोप ठेवण्याआधीच कोर्टानं सोडलं) किंवा निर्दोष ठरला तर त्याचे ठसे-फोटो नष्ट करायचे किंवा त्याच्या हवाली करायचे, कोर्टानं किंवा दंडाधिकाऱ्यानं कारण देऊन वेगळं सांगितलं नसेल तर. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी इतका विचार करून ठेवलाय याचं मला नवल वाटलं. २०२२ मध्ये नवा कायदा आला. त्यात नोंदी ७५ वर्षं ठेवायची मुभा आहे, पण सुटलेल्यांच्या नोंदी नष्ट करायची तरतूद तिथंही ठेवलीय, वरची अपिलं वगैरे संपल्यावर. मामांनी भिंगाखाली ते सातवं कलम दोनदा वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “यात रद्द हा शब्द न्हाई. डिस्चार्ज हाय, निर्दोष हाय. तुमचा तर गुन्हाच रद्द.” मग थोडा वेळ थांबून म्हणाले, “दोषारोप ठेवला न्हवता न्हवं? मग खटला चाललाच न्हाई. ‘खटल्याविना’मध्ये बसवू.” तसा अर्ज गेलाय. आठ महिने झाले, उत्तर नाही. माझ्या डोक्यात तो फोटो कुठल्या तरी फायलीत टाचणीला गंजत पडलाय.

इंटरनेटवर नाव दिसतं त्याचं काय, हेही विचारलं. हायकोर्टाची ऑर्डर निकालांच्या संकेतस्थळांवर आहे, त्यात ‘अर्जदार क्र. ४’ म्हणून माझं पूर्ण नाव. (एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायचे आदेश २०१६ चे, माझी फिर्याद त्याआधीची, म्हणून ती तरी वाचली.) इथं मामांचा हात आखडतो. त्यांनी शेजारच्या एका तरुण वकीलबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टानं निर्दोष सुटलेल्या एकाच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला, निकाल शोधात दिसू नये म्हणून. २०२४ च्या सुरुवातीला मद्रास हायकोर्टानंही तसंच सांगितलं, पण जुलैत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. प्रश्न तिथं अडकलाय. खर्च करायची तयारी असेल तर बघू, नाहीतर थांबा. मी थांबलेय. त्यांनी या सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत, उसाचा रस मात्र माझ्याकडून घेतला.

आता तक्रारी, कारण एक चांदणी कापलीय. बसायला एकच बाकडं आणि त्यावर कायम कुणाची तरी पिशवी. पंखा आहे, पण तो झेरॉक्स मशीनवर रोखलेला. पावती मिळत नाही, मागितली तर मामा कोऱ्या कागदावर आकडा लिहून सही करतात आणि ती सही कोर्टात असताना करायचे तशीच, वाचता न येणारी. सगळ्यांत मोठी तक्रार : पहिल्या प्रतिज्ञापत्रात माझ्या वडिलांच्या नावातला एक काना राहिला. नोटरीचा शिक्का झाल्यावर लक्षात आलं, परत सगळं केलं. दुसऱ्यांदा टायपिंगचे पैसे घेतले नाहीत, पण नोटरीचे मलाच भरावे लागले. ज्या कामात नावावरूनच सगळं रामायण होतं तिथं ही चूक मला सोडता येत नाही. आणि मामा बोलतात फार. माझी केस दुकानातल्या चार माणसांसमोर मोठ्यानं वाचली, ‘चारशे अठ्ठ्याण्णव काय?’ असं. मी हळू बोला म्हटलं, तर म्हणाले, इथं प्रत्येकाचं कायतरी हायच. असेल, पण आवाज कमी ठेवायला काय जातं?

पैसे म्हणाल तर दोन नकलांचे अर्ज, ठाण्याचा अर्ज तीन प्रतींत, माहिती अधिकार, प्रमाणपत्राचा ऑनलाइन फॉर्म, एचआरचं पत्र, ठशांचा अर्ज, सगळं मिळून दुकानाचे ८४० रुपये झाले. सरकारी फी, नोटरी आणि पोस्ट वेगळं. एचआरनं माझा रिपोर्ट लालचा पिवळा केला. हिरवा होत नाही म्हणाले, सिस्टिममध्ये तसा पर्यायच नाही. एक जानेवारीऐवजी एक एप्रिलला रुजू झाले. तीन महिन्यांचा पगार गेला, आणि क्वार्टर तोवर दुसऱ्या सिस्टरला दिलं होतं. सध्या पेइंग गेस्ट राहते.

जाणार असाल तर : सकाळी साडेदहाच्या आत जा, कोर्ट सुरू झाल्यावर गर्दी होते. दोन ते तीन जेवणाची सुट्टी. गुरुवारी मामा दुपारनंतर दत्ताला जातात, तेव्हा फक्त मुलगी असते, ती टायपिंग करते पण मजकूर सांगत नाही. जुन्या ऑर्डरची झेरॉक्स, आधार आणि प्रकरणाचं वर्ष एवढं न्या. वडिलांचं नाव स्वतः कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. आणि सुटे पैसे ठेवा, ऑनलाइन पैसे घेतात पण तो कोड रसवंतीवाल्याचा आहे.